अमंग द स्लीप खेळत होतो, पोरगी झोपलीच नव्हती (स्पॉयलर आहेत, आधीच सांगतोय)

भांडुप_वेस्ट (प्रश्न विचारणारा)

आधी पार्श्वभूमी सांगतो मग प्रश्न. आमचं भांडुपला वन बीएचके आहे, बायको आणि लेक बेडरूममध्ये झोपतात आणि मी साडेअकरानंतर हॉलमध्ये दिवाणावर लॅपटॉप घेऊन बसतो, हीच काय ती माझी वेळ. लॅपटॉप जुना आहे त्यामुळे नवीन काही चालत नाही, म्हणून जुने छोटे गेम शोधून खेळतो. मागच्या आठवड्यात अमंग द स्लीप घेतला सेलमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०१४ चा नॉर्वेजियन गेम आहे, क्रिलबाइट म्हणून स्टुडिओ आहे त्यांचा, आणि त्यात आपण दोन वर्षांचं बाळ असतो. बंदूक नाही टॉर्च नाही काही नाही, एक बोलणारा टेडी असतो, त्याला घट्ट मिठी मारली की त्याच्यातून थोडासा उजेड पडतो, बस तेवढंच हत्यार. रात्री जाग येते, आई जागेवर नसते, आणि आपण रांगत रांगत तिला शोधायला निघतो. दोन-तीन तासांत संपतो.

तर मी दोन रात्रीत संपवला. हेडफोन लावून, लाईट बंद करून, एकदम व्यवस्थित. दुसऱ्या रात्री संपल्यावर हेडफोन काढला आणि मागे वळलो तर बेडरूमच्या पडद्याच्या मागे लेक उभी. सात वर्षांची आहे, दुसरीत. किती वेळ उभी होती देव जाणे. मी म्हणलं काय गं, तर म्हणाली पाणी. पाणी दिलं, झोपवली, म्हणलं सुटलो.

सकाळी दात घासताना मला विचारते, "बाबा, ती मोठ्ठी बाई त्याची आईच होती ना?"

आता मला सांगा, हे मला स्वतःला शेवटच्या पाच मिनिटांत कळलं!! ती लांब केसांची भयानक बाई घरभर शोधत फिरते तेव्हा मी बिनधास्त कपाटात लपत होतो, टेबलाखाली शिरत होतो, मला वाटलं भूत आहे, हडळ टाईप काहीतरी. शेवटी आई खाली जमिनीवर बसलेली दिसते, जवळ बाटली, रडतेय, आणि बाळ जवळ गेल्यावर ते ढकललं जातं, तेव्हा माझी ट्यूब पेटली. आणि हिने तर आवाजसुद्धा ऐकला नव्हता, हेडफोन माझ्या कानात. मी विचारलं तुला कसं कळलं गं, तर म्हणाली, "मग रात्री बाळाला दुसरं कोण शोधत फिरेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं याला.

पण खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे. ती त्या बाईला अजिबात घाबरत नाहीये. तिला भीती वाटतेय ती माझ्या रेनकोटची. गेममध्ये दुसरा एक राक्षस आहे ना, कोट घातलेला, सुरुवातीला कपाटात कोट टांगलेले दिसतात त्यातून आलेला असा. आमच्या बाथरूमच्या पॅसेजमध्ये खिळ्याला माझा बाईकवाला रेनकोट असतो, काळा, टोपीसकट, जुलै महिना आहे त्यामुळे सतत ओला आणि त्यातून टपटप पाणी. आता ती रात्री बाथरूमला एकटी जात नाही. मला नाहीतर आईला उठवते. मी हुशारी केली आणि रेनकोट काढून गॅलरीत टाकला. तर आता म्हणते, "तो गेला कुठे?" म्हणजे आधी निदान एका जागेवर होता, आता घरात कुठेही असू शकतो!

बायको माझ्याशी जेमतेम बोलतेय. तर दोन प्रश्न आहेत. पहिला, रेनकोटचं काय करू. दुसरा, तुम्ही हा गेम खेळला असेल तर तुम्हाला आईचं कधी कळलं? फक्त मीच ढ आहे का?

---

पिक्सेलपोहे

भावा दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, ढ नाहीयेस, बहुतेक मोठ्या माणसांना उशिराच कळतं. आपण गेम खेळायला बसलो की डोक्यात आधीच एक कप्पा तयार असतो, हा दुश्मन, हा मित्र, ही चावी. बाई भयानक दिसली की आपण तिला दुश्मनाच्या कप्प्यात टाकून मोकळे. तुझ्या लेकीकडे तो कप्पाच नाही. तिने फक्त बघितलं की कोण काय करतंय.

मी स्वतः थोडंफार गेम बनवतो (युनिटी म्हणून गेम बनवायचं सॉफ्टवेअर आहे त्यात, अमंग द स्लीप पण युनिटीतच बनलाय, त्यासाठी २०१३ ला किकस्टार्टर या साईटवर लोकांकडून पैसे जमवले होते त्यांनी) म्हणून यातली गंमत सांगतो, लांबलं तर माफ करा.

सगळ्यांना वाटतं लहान मुलाच्या नजरेतून गेम करायचा म्हणजे कॅमेरा खाली आणला की झालं. मीपण आधी तेच केलं होतं. दोन वर्षांचं पोर साधारण ८५-८७ सेंटीमीटर उंच असतं, डोळे त्याच्या दहाएक सेंटीमीटर खाली धर, म्हणजे कॅमेरा ७५ च्या आसपास. आता आपल्या स्वयंपाकघरातला ओटा बघ, तो असतो ८० ते ८५. म्हणजे पोराला ओट्यावरचं काहीच दिसत नाही. त्याच्यासाठी स्वयंपाकघर म्हणजे ट्रॉल्या, सिलिंडर, आईचे पाय, आणि वरून कुठूनतरी येणारे आवाज. मी माझ्या घरात फोन ७५ वर धरून अख्खं घर शूट केलं होतं एकदा, विश्वास ठेव, स्वतःचंच घर ओळखू आलं नाही. डायनिंग टेबल म्हणजे मांडव वाटतो. गोदरेजचं कपाट म्हणजे बिल्डिंग.

पण तेवढ्याने भीती वाटत नाही, फक्त क्यूट वाटतं. मी बनवलेला डेमो मित्रांना दाखवला तर सगळे "अय्यो किती गोड" करत बसले, हॉरर गेला खड्ड्यात. भीती उंचीने येत नाही, हात पोचत नाही त्याने येते. अमंग द स्लीपमध्ये दार उघडायला तू काय करतोस? खुर्ची ओढत आणतोस, वर चढतोस, मग हँडलला हात लागतो. मोठा माणूस अर्ध्या सेकंदात करेल ते काम तुला पंधरा सेकंद लागतात, आणि ती पंधरा सेकंदं मागे कोणीतरी चालतंय. ही खरी आयडिया. ड्रॉवर ओढून त्याच्या पायऱ्या करणं वगैरे. दुसरं म्हणजे बंद दारापलीकडून मोठ्यांचं बोलणं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत, सुरुवातीलाच वाढदिवसाच्या दिवशी दारावर कोणीतरी येतं आणि आई भांडते ना, ते. ते करायला सोपं असतं, आवाजातल्या वरच्या पट्ट्या कापून टाकायच्या की भिंतीपलीकडून आल्यासारखा घुमतो. पण परिणाम बघ. प्रत्येकाने लहानपणी असलं बोलणं ऐकलेलं असतं.

आता माझी तक्रार. पहिला भाग, घरातला, तो कमाल आहे. नंतर तो स्वप्नातल्या जंगलात वगैरे जातो आणि तिथे नेहमीचा गेम होऊन जातो, वस्तू शोधा दार उघडा. आणि शेवट तर मला अजिबात आवडला नाही. सगळं उलगडून सांगितलं. हा राक्षस म्हणजे दारू, तो कोट म्हणजे अमुक. अरे राहू दे ना थोडं. भूत म्हणजे काय हे सांगितलं की भूत संपलं.

रेनकोटचं मला माहीत नाही, मला पोरं नाहीत 😅

---

शेवटची_कर्जत

स्पॉयलर आहेत म्हणून लिहिलंय तरी वाचलं आणि आता रडतोय. विशलिस्टमध्ये होता यार.

---

दोन_पोरांची_ताई

मी गेम खेळत नाही, मुलगा पाठवतो लिंका म्हणून इथे येते. पण बालवाडीत सोळा वर्षं शिकवलंय त्यामुळे रेनकोटवर बोलते.

दादा, सगळ्यात आधी, रेनकोट होता तिथे परत लावा. आजच. भीती वाटणारी वस्तू गायब केली की मुलाला दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे बाबांनापण त्याची भीती वाटली, म्हणजे प्रकरण खरं आहे, आणि दुसरी म्हणजे आता तो कुठे आहे ते माहीत नाही. तुमच्या लेकीने तुम्हाला अगदी बरोबर विचारलंय, तो गेला कुठे.

परत लावायचा पण तुम्ही नाही, तिने. दिवसाउजेडी. आधी तिच्या हातात द्या, वास घेऊ दे, खिशात काय आहे बघू दे (बाईकच्या रेनकोटच्या खिशात काय काय सापडतं ते माझ्या नवऱ्यामुळे मला चांगलं माहीत आहे), घालून बघू दे. मग रात्री लाईट लावून तिच्यासोबत पॅसेजमध्ये, मग लाईट लावून ती पुढे तुम्ही दारात, असं रोज थोडं थोडं. एका रात्रीत करायला जाऊ नका. आणि "त्यात काय घाबरायचं, वेडी का तू" हे वाक्य घरात कोणीही म्हणायचं नाही. आजी असेल तर आजीलापण सांगा.

एक विचारते, ती रात्री झोपेत किंचाळून उठते का? आणि कधी? झोपल्यावर तासा-दोन तासांत किंचाळली, डोळे उघडे पण तुम्हाला ओळखत नाही आणि सकाळी काहीच आठवत नाही, तर ते वेगळं असतं, तिला हलवून जागं करायचं नाही, लागणार पडणार नाही एवढं बघायचं, ते आपोआप शांत होतं. पण पहाटेकडे उठली, रडत जवळ आली आणि स्वप्न सांगितलं तर ते साधं वाईट स्वप्न, जवळ घ्यायचं आणि ऐकायचं. हे बरेच दिवस चाललं, किंवा दिवसापण एकटी राहत नसेल, तर मग डॉक्टरांना विचारा, इथे विचारत बसू नका.

आणि पुढच्या वेळी दरवाजा बंद करून खेळा. पडदा म्हणजे दरवाजा नव्हे. ते स्टीम म्हणून गेमचं ऑनलाईन दुकान आहे त्यावर जन्मतारीख विचारतात ना मोठ्यांचा गेम उघडताना, ती तुम्ही भरलीत, तुमच्या पाठीमागे उभी असलेलीला कोणी विचारली नाही.

---

भांडुप_वेस्ट

ताई दंडवत. पडद्याचं तुम्ही बोललात तेच शब्दशः बायको बोलली, तुमची ओळख नाही ना एकमेकींशी?

किंचाळत नाही, फक्त बाथरूमचाच प्रॉब्लेम. आणि हो आजी आहे, गावाहून आलीये, आणि आजीने ऑलरेडी सांगून टाकलंय की रात्री कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नकोस. म्हणजे बोंबला.

---

मालवणी_खाजा

आजी तुझी बरोबर आहे हां 😂 आमची आजीपण हेच सांगायची, वर देवचाराची गोष्ट, रात्री आडावर कोण पाणी काढतं ती गोष्ट, सगळं सांगून झाल्यावर "झोप आता". पण एक सांगतो, गावाला मे महिन्यात आम्ही पंधरा पोरं पडवीत एका ओळीत झोपायचो, एकाला भीती वाटली की बाजूच्याला चिमटा. त्या भीतीत मजा होती.

हे गेमवाले बघ ना, अमंग द स्लीप नॉर्वेचा, लिंबो डेन्मार्कचा (२०१०), लिटिल नाईटमेअर्स स्वीडनचा (२०१७), सगळीकडे एकटं पोर. तिकडे बाळाला वेगळी खोली वेगळा पाळणा, दिवा बंद, दार बंद. आमच्याकडे कुठलं बाळ एकटं झोपतं? आमच्या घरात लहानपणी एका खोलीत सात माणसं, रात्री पाणी प्यायला उठलो तर कोणाच्या ना कोणाच्या हातावर पाय पडायचा आणि शिव्या खायला लागायच्या. राक्षस आला असता तर त्यालापण पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईवर असा गेम केलाच तर अंधार कुठून आणणार? बाहेर हॅलोजन, समोरच्या बिल्डिंगचा जिना चोवीस तास चालू.

---

पिक्सेलपोहे

@मालवणी_खाजा हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं आणि मी दीड वर्ष माझ्या डेमोवर घालवलंय. माझ्या डेमोत बाळाला स्वतःची बेडरूम आहे!! मी स्वतः वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत हॉलमध्ये झोपलोय.

तसं बाहेरच्या अंधाराचा एक चांगला गेम आहे, योमावारी, जपानी, २०१५. लहान मुलगी असते, तिचा कुत्रा हरवतो, मग ताई त्याला शोधायला जाते आणि तीपण परत येत नाही, मग ही टॉर्च घेऊन गावातल्या गल्ल्यांत फिरते. घर नाही, गल्ली. भूत जवळ आलं की छातीची धडधड वाढते, झुडपात लपायचं. दिसायला एकदम गोंडस आहे पण पहिल्या दहा मिनिटांत हादरवतो. तरी तिकडेपण गल्ली रिकामी हवी. आपल्याकडे रात्री दोन वाजता गल्लीत अंडाभुर्जीची गाडी असते.

---

डिलाईल_रोड

बरेच दिवस नुसता वाचतोय इथे, आज लिहितो. माझं वय इथल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त आहे, गेम मला मुलाने लावून दिला होता लॉकडाऊनमध्ये.

पिक्सेलपोहे, तू म्हणतोस शेवटी उलगडून सांगायला नको होतं. माझं मत उलटं आहे, पण का ते सांगायला थोडं मागे जायला लागेल.

मी बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची खोली, बाहेर लांबलचक पॅसेज आणि शेवटाला सगळ्या मजल्याचे मिळून संडास. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख कामगार एकदम घरी, आणि तो संप असा बसून कधी कोणी मागे घेतलाच नाही, नुसता विरत गेला. मी तेव्हा चार वर्षांचा. मला संप आठवत नाही. मला आठवतात ती ८४-८५ ची वर्षं, वडील दिवसा कुठेतरी हेल्परचं काम करायचे आणि रात्री पिऊन यायचे.

मालवणी म्हणतोय अंधार कुठून आणणार. अंधार नव्हताच आमच्याकडे. झिरोचा बल्ब होता, लाल. सगळं दिसायचं. आई जागी, बहिणी जाग्या, सगळे डोळे मिटून पडलेले, आणि सगळ्यांचं लक्ष पॅसेजकडे. जिन्यावरून कोण येतंय ते पायावरून ओळखायचो आम्ही. तिसऱ्या खोलीतले काका चप्पल घासत यायचे. समोरचे दादा सेकंड शिफ्ट करून पळत यायचे. आणि वडिलांचा पाय, तो दोन तऱ्हेचा होता. एक सरळ. एक थांबून थांबून. सरळ असला की मी खरोखर झोपायचो, त्याच मिनिटाला. थांबून थांबून असला की मी मोजायला लागायचो, पॅसेजमध्ये आमची खोली अकरावी होती, किती दारं झाली ते मोजायचो.

खोलीत लपायला कपाट नव्हतं. खाटेखाली ट्रंका होत्या, त्यात माणूस शिरत नाही, मी ट्राय केलेलं. गेममध्ये ते बाळ टेबलाखाली शिरतं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर, नशीबवान आहे, जागा आहे.

आता मुद्दा. मला कधीही, एकदाही, ते भूत वाटलं नाही. मला माहीत होतं की ते वडील आहेत. सकाळी हेच वडील मला खांद्यावर बसवून खाली दूध आणायला न्यायचे. पण रात्रीच्या त्या पायाला मी मनात बाबा म्हणत नव्हतो. काहीच म्हणत नव्हतो. त्याला नाव नव्हतं. गेम तेवढंच दाखवतो की त्या बाईला नाव नाही आणि सगळा वेळ बाळ आईला शोधतंय, आठवणी गोळा करतंय तिच्या, आणि जिच्यापासून पळतंय तीपण तीच. हे शेवटी दाखवलं नसतं तर ती नुसती हडळ राहिली असती. लोकांनी कपाटात लपून खेळून टाकला असता आणि विसरले असते. तुला वाटतं सांगितल्यावर भूत संपलं. मला ते तिथे सुरू झालं. गेम बंद करून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, मुलाला वाटलं मला गेम आवडला नाही.

भांडुपवाले, तुमच्या लेकीला सगळ्यात आधी कळलं यात मला काही आश्चर्य वाटलं नाही.

वडील नंतर सुटले त्यातून, ९१ ला. त्याची गोष्ट वेगळी आहे.

---

पिक्सेलपोहे

काका. मी शेवटाबद्दलचं माझं म्हणणं अजून पूर्ण सोडत नाही पण तुम्ही लिहिल्यावर एक गोष्ट पुन्हा जाऊन बघितली, शेवटच्या भागाचा व्हिडिओ लावला. बाळाला ढकलल्यावर आईला लगेच वाईट वाटतं ते मी विसरलोच होतो. मी फक्त बाटली लक्षात ठेवली होती. आणि मग दारावर बाबांचा आवाज, तुटलेल्या टेडीचा हात दुरुस्त करू म्हणून. तेव्हा मला हे गोडगोड वाटलेलं. पण खरं म्हणजे तिथेही बाळाला काही समजलेलं नाहीये, दोन मोठी माणसं, एक दार, आणि आता कोणीतरी नेणार. हा शेवट गोड नाहीचये.

पावलांचं वाचून माझ्या डोक्यात घोळतंय काहीतरी. म्हणजे असा गेम की ज्यात चालायचंच नाही. तुम्ही अंथरुणावर पडलेले, डोळे मिटायचे किंवा उघडायचे, एवढीच दोन बटणं. आणि पॅसेजमधून पायांचे आवाज, रोज रात्री तेच सहा-सात लोक, तुम्ही ओळखायला शिकता कोण कोण आहे. दहा-बारा मिनिटांचा गेम. कॅमेरा गोधडीच्या कडेला. वापरू का काका तुमची परवानगी असेल तर? नाव, जागा काही घेणार नाही.

---

डिलाईल_रोड

वापर. फक्त झिरोचा बल्ब लालच ठेव. आणि आईचे डोळे मिटलेले दाखव, पण बांगड्या वाजू देऊ नकोस. झोपलेल्या बाईच्या बांगड्या अधूनमधून वाजतात, कूस बदलते ना. जागी असली की हात अजिबात हलवायची नाही. त्यावरून कळायचं.

---

शेवटची_कर्जत

मी दादरला लोकलमध्ये उभ्याने वाचत होतो हे, कुर्ला कधी आलं कळलं नाही.

---

मालवणी_खाजा

काका मी वर सात माणसांचा जोक मारला तो मागे घेत नाही पण थोडा गप्प बसतो.

---

दोन_पोरांची_ताई

डिलाईल रोडवाल्यांनी लिहिलं ते वाचून एक सांगावंसं वाटतं भांडुपच्या दादांना. मुलीने विचारलं ना, ती आईच होती ना, त्याला तुम्ही हो म्हणालात की विषय बदललात? बदलला असेल तर परत काढा. हो, आईच होती, तिला बरं नव्हतं, आणि बाळाची त्यात काही चूक नव्हती. एवढं पुरे. दारूवर भाषण नको. चूक नव्हती हे मात्र सांगाच, मुलं तेच विचारत असतात दरवेळी, विचारतात दुसरंच काहीतरी.

---

भांडुप_वेस्ट

विषय बदलला होता ताई. शाळेच्या रिक्षाला उशीर होतोय म्हणलं. काल रात्री परत काढला. हो म्हणलं, आईच होती, बरं नव्हतं तिला. लेक थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, मग त्या बाळाने लपायला नको होतं, आईला अजून शोधत बसायला लागलं. मी म्हणलं नाही, बाळाने लपलं ते बरोबर केलं. त्याची काही चूक नव्हती. तर म्हणे बरं. पटलं की नाही ते कळलं नाही, लगेच टेडीला बॅटरी कुठे असते ते विचारायला लागली.

आता रेनकोटचा अपडेट, कारण तीन जणांनी मेसेज करून विचारलंय.

रविवारी दुपारी गॅलरीतून आणला. तिने आधी लांबून काठीने ढोसून बघितलं, आजीची काठी. मग खिसे तपासले. एका खिशात दोन वर्षांपूर्वीची पार्किंगची पावती, दहाची ओली नोट, एक मेलेलं झुरळ. झुरळामुळे अर्धा तास कार्यक्रम थांबला, पण ते चांगलंच झालं, कारण त्यानंतर कोट राहिला बाजूला आणि झुरळच व्हिलन झालं. मग घातला तिने, बाह्या जमिनीला, टोपी हनुवटीपर्यंत, काही दिसेना तिला, तशीच भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली आणि आजीला "भॉ" केलं. आजी जी ओरडली!! तिसऱ्या हाकेची वगैरे वाट नाही बघितली.

नंतर म्हणाली की खिळा खाली ठोक, माझ्या उंचीवर, मी लावणार. मला पिक्सेलपोहेचं आठवलं हात पोचण्याचं, म्हणून लगेच ड्रिल काढलं. तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर हुक मारला. आता कोट अर्धा भिंतीला आणि अर्धा लादीवर लोळतोय, बसलेल्या माणसासारखा दिसतो खरं सांगायचं तर, रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठलो तर मीच दचकलो. ती मात्र सलग तीन रात्री एकटी गेली. जाताना त्याच्या टोपीवर एक टपली मारून जाते, आवाज येतो मला झोपेत.

फक्त आता सगळं पाणी लादीवर साचतं आणि सकाळी पहिला पाय बायकोचा पडतो. तिने खाली कढई ठेवलीये. कढई कशाला म्हणलं तर म्हणाली बादली लागते मला, तू बस गेम खेळत.